पाइपाच्या दुसऱ्या टोकाला

सकाळचे साडेपाच वाजले होते. गल्लीत चिटपाखरूही नव्हतं. ती मात्र रस्त्याच्या कडेला चक्क मांडी घालून बसली होती. समोर पाण्याच्या व्हॉल्व्हचं लोखंडी झाकण उघडं, डोक्यावर मोठाले हेडफोन आणि मांडीवर डब्याएवढं एक यंत्र. यंत्राचं नाव 'कानोसा'. नाव तिनंच ठेवलेलं. गेली तीन वर्षं विद्यापीठाच्या ध्वनी-प्रयोगशाळेत ती त्याच्यामागे हात धुऊन लागली होती. जमिनीखालचा पाइप नेमका कुठे गळतोय, हे रस्ता न खोदता, नुसतं ऐकून सांगायचं… एवढंच त्या यंत्राचं काम.

त्या सकाळी ती एक बारीकसा 'स्स्स' शोधत होती. आणि ऐकू आलं भलतंच.

टक्. टक् टक्.

ती दचकली. पाणी गळतं, फुसफुसतं, गुणगुणतंसुद्धा… पण टकटक करत नाही. तिनं शेजारचा पाना उचलला आणि पाइपावर हळूच दोनदा वाजवलं. क्षणभर शांतता. मग पलीकडून तीनदा. तिनंही तीनदा. पलीकडून चारदा! आणि त्या चौथ्या टकटकीत काहीतरी असं होतं, की तिला हसूच आलं.

तिनं मान वर केली. गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, तसंच एक झाकण उघडून, एक माणूस गुडघ्यावर बसला होता. हातात पाना. तो तिच्याकडे बघत होता, आणि तोंड उघडंच राहिलं होतं.

तो चालत आला तेव्हा बारीक भुरभुर सुरू झाली होती. त्याच्या चष्म्यावर थेंब, शर्टाची एक बाही वर, एक खाली.

"तुम्ही वाजवत होतात?" तिनं विचारलं.

"मी व्हॉल्व्ह तपासत होतो. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं."

"मग चारदा कशाला वाजवलंत?"

"तुम्ही तीनदा वाजवलंत म्हणून."

त्यानं हेडफोनकडे बोट करून "ऐकू का?" असं विचारलं, तेव्हा तिनं ते काढून दिले. का दिले, हे तिनं नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. त्यानं ते कानांवर घेतले आणि डोळे मिटले. डोळे मिटलेल्या माणसाकडे निवांत बघता येतं… ती बघत राहिली. तेवढ्यात कोपऱ्यावरून एक ट्रक धडधडत गेला.

त्यानं डोळे उघडले. "ट्रकचा आवाज कुठे गेला?"

"गाळला," ती ऐटीत म्हणाली. "नको ते सगळं गाळून फक्त गळती ऐकवते ही चाळणी."

"कशी?"

झालं! तिच्या कपाळावर आठी उमटली. तिनं त्याच्या कानांवरून हेडफोन काढून घेतले.

"तुम्ही कोण?"

"व्हॉल्व्हवाला," तो हसून म्हणाला आणि भुरभुरीत निघून गेला.

त्यानंतर आठ-दहा दिवस तिला ते मिटलेले डोळे अधूनमधून आठवत राहिले. आठवले की ती स्वतःवरच चिडायची.

पंधरा दिवसांनी पाणीपुरवठा खात्याच्या बैठकीच्या खोलीत ती प्रयोगशाळा चालवणाऱ्या आपल्या सरांबरोबर शिरली, आणि टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, व्हॉल्व्ह आणि पंप बनवणाऱ्या कंपनीच्या माणसांमध्ये, तोच बसलेला दिसला. आज दोन्ही बाह्या खाली होत्या. त्यानं तिला बघून मान हलवली. तिनं नाही हलवली.

खात्याच्या अधिकारी बाईंनी पेन्सिलीनं टेबलावर ठकठक केलं. बाई सडपातळ, आवाज कोरडा, हसणं मोजून-मापून.

"जुन्या वस्तीत निम्मं पाणी वाटेतच जिरतं," त्या म्हणाल्या. "गल्लीच्या शेवटच्या घरात नळाला तोंड लावलं तरी ओठ भिजत नाहीत. सरकारची योजना अशी आहे, की विद्यापीठानं युक्ती आणायची, कंपनीनं तिची हजारभर यंत्रं बनवायची आणि आम्ही ती वापरायला आमचे रस्ते द्यायचे. तिघांच्या सह्या झाल्या तर योजना. एकाची जरी राहिली, तर फाइल बंद. चार महिने एकत्र काम करा, मग कराराला बसू."

सर त्याच्याकडे बघत तिच्या कानाशी पुटपुटले, "कंपनीनं हेर चांगला निवडलाय."

सरांचा संशय उगाच नव्हता. बारा वर्षांपूर्वी त्यांनी मोठ्या विश्वासानं एका कारखान्याला आपला ध्वनिमापक दाखवला होता. दीड वर्षानं तोच ध्वनिमापक, रंग बदलून, बाजारात आला. त्यावर सरांचं नाव कुठेच नव्हतं. एका प्रदर्शनात विक्रेत्यानं त्यांनाच तो कसा वापरायचा ते समजावून सांगितलं होतं! तेव्हापासून त्यांच्या कपाटाला दोन कुलपं असत.

बैठक संपल्यावर तो जिन्यात तिच्याजवळ आला.

"त्या दिवशी मला खरंच माहीत नव्हतं, तुम्ही कोण ते."

"असं?" ती म्हणाली. "आणि मला माहीत नव्हतं, व्हॉल्व्हवाले इतके प्रश्न विचारतात ते."

मग तो आठवड्यातून तीनदा प्रयोगशाळेत येऊ लागला. सर त्याला नावानं हाक मारत नसत. दारात दिसला की म्हणत, "आली का कंपनी?" बघता बघता तीही तेच म्हणू लागली.

"कंपनी चहा घेणार?"

"कंपनी घेत नाही. मी घेतो."

काम करताना मात्र तो हुशार होता, आणि हीच मोठी अडचण होती. तिला दोन दिवस झटूनही न सुटलेली गोष्ट तो हात न लावता, नुसता शेजारी उभा राहून, बरोबर प्रश्न विचारून सोडवून द्यायचा. यंत्राचा डबा पाण्यात बुडाला तरी आत थेंब जाऊ नये म्हणून त्यानं रबराची एक कडी कारखान्यातून करून आणली. ती इतकी नेमकी बसली, की तिला बरं वाटायच्या आधी शंकाच आली. डब्याची मापं यानं घेतली कधी?

एकदा तो कागदाच्या पुडीतून दोन मऊ, काळ्या गाद्या घेऊन आला.

"हेडफोनला लावा. आधीच्या टोचतात."

"मला नाही टोचत."

"मग तुमच्या कानामागे रोज लाल वळ कसला असतो?"

तिचा हात आपोआप कानामागे गेला. तो पटकन दुसरीकडे बघू लागला. ती दिवसभर त्या मऊ गाद्या लावून काम करत राहिली आणि दिवसभर विचार करत राहिली… हा माणूस माझ्या कानामागे काय आहे ते बघतो, तर माझ्या वहीत काय आहे ते बघितल्याशिवाय राहत असेल?

वही म्हणजे सगळं काही होतं. त्या चाळणीची खरी किल्ली, म्हणजे कुठल्या पाइपात गळतीचा आवाज कुठल्या पट्टीत येतो ते सगळे आकडे, त्या निळ्या वहीत होते. वही रोज संध्याकाळी दोन कुलपांच्या मागे जाई.

ती आत्याकडे राहायची. आत्या तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, आणि आवाजावरून माणूस ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही असं तिचं म्हणणं होतं. एका रविवारी त्याचा फोन आला. भाचीचे हात कणकेनं भरलेले, म्हणून आत्यानं घेतला. जरा जास्तच वेळ बोलली. फोन ठेवून स्वयंपाकघरात आली.

"कोण गं हा?"

"कंपनीचा माणूस आहे. लबाड आहे."

"लबाड नाही." आत्यानं डोळे बारीक केले. "खोटं बोलत नाहीये तो. पण बोलता बोलता मधेच काहीतरी गिळतोय. आणि तुझं नाव घेताना एक श्वास जास्त घेतो."

"आत्या!"

"मला काय… जे ऐकलं ते सांगितलं."

श्वासाचं तिनं हसण्यावारी नेलं. गिळतोय हे मात्र मनात रुतून बसलं.

तिसऱ्या महिन्यात एका दुपारी त्याला फोन आला आणि तो शेजारच्या रिकाम्या खोलीत गेला. मधे नुसती पातळ भिंत. तिनं भिंतीकडे बघितलं. मग टेबलावरच्या कानोशाकडे बघितलं. हे बरं नव्हे, असं स्वतःला बजावत बजावतच तिनं यंत्राचा कान भिंतीला टेकवला आणि हेडफोन कानावर चढवले. तीन वर्षांत यंत्रानं इतकं स्वच्छ कधी ऐकवलं नव्हतं.

"…नाही साहेब, अजून पूर्ण हाती आलेलं नाही. तिची वही कपाटात असते… हो. हो. आठवडाभर द्या… नाही, तिला संशय आलेला नाही."

तिनं हेडफोन काढले. त्या मऊ गाद्यांची कानांना एकाएकी आग झाल्यासारखी वाटली. संशय आलेला नाही म्हणे! गेले तीन महिने ती संशयाशिवाय दुसरं काही करतच नव्हती… आणि तरीही, आता तो खरा ठरल्यावर, तिला जिंकल्यासारखं का वाटत नव्हतं?

दुसऱ्या दिवशी तिनं सापळा लावला. निळ्या वहीच्या एका पानावर, लोखंडी पाइपासमोरचा खरा आकडा पुसून, तिनं खोटा लिहिला. साधासुधा नाही, चाळणी पार बिघडवून टाकेल असा. मग वही टेबलावर उघडी ठेवली, "चहा सांगून येते" म्हणाली, आणि कॅन्टीनमध्ये वीस मिनिटं नुसती बसून राहिली. समोरचा चहा गार झाला. परत आली तेव्हा वही मिटलेली होती आणि तो खिडकीशी पाठमोरा उभा होता.

"चहा?" त्यानं विचारलं.

"संपला होता," ती म्हणाली.

तो लगेच निघून गेला. पुढचे दोन दिवस आलाच नाही. आता कंपनी खोट्या आकड्यावर यंत्र बनवेल, ते बहिरं निघेल, आणि चोरी उघडी पडेल. ठरवल्याप्रमाणे सगळं चाललं होतं. तिला जेवण जात नव्हतं, एवढंच.

तिसऱ्या दिवशी तो आला. दाढी वाढलेली, डोळे ओढलेले. बसला नाही.

"तुमच्या वहीत एक आकडा चुकलाय," तो म्हणाला. "बाविसाव्या पानावर. लोखंडी पाइपात गळतीचा आवाज इतक्या खालच्या पट्टीत येत नाही. तो प्लास्टिकच्या पाइपाचा आकडा आहे. असाच राहिला तर चाचणीच्या दिवशी यंत्र बहिरं होईल, सगळ्यांसमोर… म्हणून सांगायला आलो."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. चोर स्वतः येऊन चोरीची वर्दी देत होता.

"म्हणजे तुम्ही वही वाचलीत."

"वाचली."

"आणि ते मला तोंडावर सांगताय."

"न सांगता आकडा कसा दुरुस्त करणार होतो?" तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला. "सगळंच सांगतो. मला इथे पाठवताना साहेबांनी सांगितलं होतं, की विद्यापीठाशिवाय हे जमेल का ते बघून ये. जमत असेल तर सही करायच्या आधी आपण बाहेर पडू आणि आपलं आपण बनवू. तीन महिने मी त्यांना आज देतो, उद्या देतो करत राहिलो. शेवटी त्या दिवशी वही वाचली… आणि वाचताना मला स्वतःचीच लाज वाटली. साहेबांना त्यातलं काही दिलेलं नाही."

"गल्लीत भेटलात, तेही ठरवूनच?"

"नाही. तेवढं खरंच—"

"तुमचं कुठलं वाक्य खरं मानायचं?" तिचा आवाज चढला. "लबाड माणूससुद्धा असाच येईल, चूक दाखवेल, विश्वास कमावेल! तो आकडा मीच चुकीचा लिहिला होता. तुमच्यासाठी."

मग त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात, नको त्या वेळी, किंचित हसू आलं.

"वाटलंच होतं मला थोडं. तुम्ही इतकी ढोबळ चूक करणाऱ्यातल्या नाही."

"हसू नका! तुमचा फोनही ऐकलाय मी. भिंतीतून. कानोसा लावून."

"म्हणजे मी तुम्हाला चोरून वाचलं आणि तुम्ही मला चोरून ऐकलंत." तो हळूच म्हणाला. "बरोबरी झाली का?"

"नाही झाली," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि त्याचा तिला भयंकर राग येत होता. "मी माझं राखण्यासाठी ऐकलं. तुम्ही… जा तुम्ही."

तो गेला. तिनं सरांना सगळं सांगितलं. सरांनी विजयी मुद्रेनं चष्मा पुसला, पण तिचा चेहरा बघून काही न बोलता तो परत चढवला.

करारासाठी सगळे बसले त्या दिवशी ती ठरवूनच गेली होती, की सही करायची नाही. सर कपाटाच्या किल्ल्या खिशात घेऊन आले होते. समोर कंपनीचे साहेब, गुळगुळीत दाढी, गुळगुळीत बोलणं. त्यांच्या शेजारी तो, मान खाली.

अधिकारी बाईंनी फाइल उघडली नाही. एक लिफाफा उघडला.

"कराराआधी हे वाचते. काल माझ्याकडे आलं, तुमच्याच माणसाकडून," त्या साहेबांना म्हणाल्या, आणि त्याच कोरड्या आवाजात वाचू लागल्या. "'या यंत्रातली आवाज गाळण्याची पद्धत पूर्णपणे विद्यापीठातल्या संशोधक बाईंची आहे. ती मी त्यांच्या वहीत त्यांच्या परवानगीशिवाय वाचली. आमच्या कंपनीत यापूर्वी असं काहीही नव्हतं. पुढेमागे कंपनीनं तसा दावा केला, तर तो खोटा आहे असं सांगायला मी तयार आहे.' खाली सही, तारीख."

तिनं त्याच्याकडे बघितलं. त्यानं वर बघितलं नाही. पण त्याचे कान लालबुंद झाले होते.

"हे त्यांचं वैयक्तिक मत आहे," साहेब म्हणाले.

"मग कंपनीचं मत लिहून द्या," बाई म्हणाल्या. "शोध कोणाचा?"

साहेब पाणी प्यायले.

"मला तुमच्या मैत्रीत रस नाही, भांडणातही नाही," बाई पुढे म्हणाल्या. "मला गळतीत रस आहे. शोध विद्यापीठाचा, कारखाना तुमचा, रस्ते माझे. असं लिहून सही करणार असाल तर बसा. नाहीतर माझ्या शहरात तुमचं यंत्र एकाही झाकणाला लागणार नाही."

साहेबांनी सही केली. पेटंटच्या अर्जावर पहिलं नाव तिचं, दुसरं सरांचं, असं कलम शाईनं लिहिलं गेलं. सरांनी ते तीनदा वाचलं आणि मग सही केली. तिनंही केली.

ती बाहेर आली तेव्हा तो जिन्याच्या तळाशी एकटाच उभा होता.

"काढलं का?" तिनं विचारलं.

"नोकरीवरून नाही. प्रकल्पातून. उद्यापासून शहराबाहेरच्या कारखान्यात, व्हॉल्व्हची चाचणी." तो कसनुसा हसला. "खऱ्या अर्थानं व्हॉल्व्हवाला. तुमच्याकडे दुसरा कोणीतरी येईल."

"ते पत्र… आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, विश्वास कमावतोय."

म्हणाली असती. अगदी हेच म्हणाली असती.

"उद्या प्रयोगशाळेत या," ती म्हणाली.

"आता कशासाठी? माझं तिथे काहीच काम उरलं नाही."

"म्हणूनच."

त्याला कळलं नाही. किंवा कळलं, आणि खरं वाटलं नाही. ती मागे न बघता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता दारावर थाप पडली. तिनं दार अर्धंच उघडलं. तो धापा टाकत होता. हातात फाइल नव्हती, पुडी नव्हती, काहीच नव्हतं.

"काय काम आहे?"

"काही नाही."

"कंपनीनं पाठवलं?"

"कंपनीला वाटतंय, मी दाढ काढायला गेलोय."

"वही बघायचीय?"

"नाही."

"मग इतक्या लांबून कशासाठी आलात?"

त्यानं चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुम्हाला बघायला," तो म्हणाला. "म्हणजे… भेटायला. म्हणजे, खरं सांगायचं तर पहिल्यापासून निम्मं येणं त्यासाठीच होतं. आज पूर्णच त्यासाठी आहे."

ती ऐकत राहिली. सवयीनं, त्या वाक्यात कुठे काही फुसफुसतंय का ते शोधत राहिली. काहीच सापडलं नाही. सापडली ती स्वतःच्याच छातीतली धडधड, आणि ती गाळायची तिला मुळीच इच्छा नव्हती.

"ये," ती म्हणाली. "आत ये."

तो उंबऱ्यातच थबकला. "'या' म्हणालात… की 'ये'?"

"माणसानं इतकं संशयी असू नये," ती म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.